भिंतीला टेकलेली गादी

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, पलंगावरची गादी कुठे गेली?"

"व्हायोलिनच्या खोलीत. भिंतीला टेकवून उभी केलीय."

"आणि तुम्ही झोपता कशावर?"

"फळ्यांवर. पाठ सरळ राहते."

"आईच्या रजयाही कपाटात दिसल्या नाहीत."

"त्या कोपऱ्यांत लावल्या. आता टाळी वाजवून बघ, एकदाच वाजते. आधी सगळी खोली अंगावर ओरडायची."

"अहो, पण डॉक्टर काय म्हणाले? वर्षभरात ऐकू यायचं बंद होईल. अशा वेळी कुणी खोली सुधारत बसतं का?"

"अशाच वेळी बसतं! वर्षच उरलंय, त्यात भिंतींची लुडबूड कशाला? मी वाजवीन तेवढंच मला ऐकू आलं पाहिजे."

"हळू बोला ना, सगळे ऐकताहेत."

"ऐकू देत की. त्यांचे कान शाबूत आहेत."

"धन्य आहे तुमची! म्हणजे गादी आता तिथेच राहणार?"

"छे गं. ऐकू यायचं थांबलं की परत पलंगावर टाकतो आणि मस्त ताणून देतो. तोवर फळ्या."