खोकल्याचं तेल

(पेरूच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. दवाखान्यात नर्स असलेली मार्लेनी नुकतीच घरी आलीय; चुलीपाशी तिचे सासरे सातुर्निनो.)

मार्लेनी : बाटली पुढे करा, बाबा.

सातुर्निनो : दारूची? ती रविवारीच संपली.

मार्लेनी : गल्लीच्या तोंडापासून वास येतोय. समुद्रसिंहाची चरबी कढवलीत.

सातुर्निनो : माझ्या नातीचा, नायेलीचा खोकला महिना झाला हटेना. तुझ्या त्या लाल गोड पाण्यानं काय झालं? तुझा नवरा याच तेलावर वाढलाय.

मार्लेनी : काल वाळूवर बावीस मेलेले मोजले, आज एकसष्ट. आधी पेलिकन पक्षी गेले, आता हे, ताप तोच, बर्ड फ्लूचा. हात लावू नका म्हणून घसा कोरडा केला मी.

सातुर्निनो : मेलेल्याला कोण लावतंय हात? चरबी खवट निघते. मी जिवंत बघून घेतला, परवा.

मार्लेनी : जिवंत?

सातुर्निनो : थरथरत होता, नाकाला फेस. तसाही जाणारच होता. चाळीस वर्षं जाळी फाडली यांनी आमची, एखादा औषधाला आला तर बिघडलं कुठं?

मार्लेनी : हातमोजे?

सातुर्निनो : मासे चिरताना तू घालतेस?

मार्लेनी : पाजलंत तिला?

सातुर्निनो : निवायचंय अजून. एवढी अक्कल आहे मला.

मार्लेनी : उकळलेल्या तेलाला नाही भीत मी. चिरताना अंगावर उडतं त्याला भिते. एकटेच होतात?

सातुर्निनो : मग काय, बँड लावून जाणार होतो?

मार्लेनी : नायेली कुठं होती?

सातुर्निनो : शाळेत.

मार्लेनी : परवा शाळा बंद होती. आत्ता कुठं आहे?

सातुर्निनो : झोपलीय. अंग थोडं कोमट लागतंय, खोकल्यानं.

मार्लेनी : दुपारची कधी झोपलीय ती आजवर? उठवते. दवाखान्याची गाडी बोलावते.

सातुर्निनो : थांब. तिकडं नाव लिहिलं की आपली होडी बंद करतील. तुझा नवरा परवानगी मागत फिरेल.

मार्लेनी : फिरू दे. मला तिथं पहिलं हेच विचारणार आहेत, तेव्हा खरं सांगा. ती जवळ होती?

सातुर्निनो : परात धरायला कुणीतरी लागतंच, पोरी.

मार्लेनी : त्याच्या तोंडाशी?

सातुर्निनो : डोक्याच्या बाजूला.

मार्लेनी : किती वेळ?

सातुर्निनो : मिशा मोजत होती. दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.