भवानीचं गिऱ्हाईक

"हॅलो?… हॅलो, हो, बोला ना… हो, सगुणाचाच नंबर हा… कोण? शकुकाकू! अहो काकू, मी कल्पिता!… कल्पिता हो, सगुणाची मुलगी… अहो, सकाळपासून तुमचंच नाव घेतेय मी! आली ना, तुमची ऑर्डर आली. बोंबील, सुकट आणि जवळा, भांडुपचा पत्ता. बरोबर?… हो, हो… अहो काकू, ऐका ना, पहिली ऑर्डर तुमची! दुकान उघडल्यापासून पहिली! भवानी तुमच्याच हातची!"

कल्पिता बोलता बोलता उभी राहिली. गोराईच्या कोळीवाड्यातल्या त्या खोलीत उभं राहायला जागा तशी कमीच होती, कारण अर्धी खोली सुक्या मासळीच्या डब्यांनी अडवलेली. दुकान मात्र जागा अडवत नव्हतं. ते मोबाइलमध्ये होतं. चुलतभाऊ हितेशने चार दिवस खपून ते उघडून दिलं, 'सगुणाची सुकी मासळी' असं नाव घातलं, फोटो टाकले. सगळ्या गणगोताने अंगठे दाखवले, लाल बदाम पाठवले, 'झकास' म्हणून लिहिलं आणि आपापल्या कामाला लागले. विकत कुणी एक बोंबील घेतला नाही.

नातेवाइकांनी घेतला असता तरी तो कल्पिताने मोजला नसता. घरच्या पैशाची भवानी होत नाही, असं आई सांगायची. दहिसरच्या बाजारात सगुणा टोपली लावायची तेव्हा पहिल्या विक्रीचे, म्हणजे भवानीचे, तिचे कायदे कोर्टापेक्षा कडक होते. भवानीला घासाघीस नाही. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. आणि भवानी होईपर्यंत डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, घरात काहीही होवो.

आई गेली आणि तिने वाळवून ठेवलेला माल घेऊन कल्पिताने हे दुकान मांडलं. भवानी काही होईना, म्हणून ती रडलीही नव्हती.

"…नाही हो, महाग कुठे लावलंय? बाजारभावच आहे… फोटोतला बोंबील ना? तोच येणार… कडक, एकदम कडक. बांबूला टांगून वाळवलेला. आईच्या हातचा माल आहे काकू… हो, वर एक मूठ सुकट घालणार. ते विसरेन का मी?… कुरिअर? अहो, ते वासाला नाक धरतात! खोक्यात काय मेलंय, असं विचारत होता एक… नाही, नाही, हितेश स्कूटरवरून आणून देईल… काय म्हणालात?… कुणाला देऊ फोन?"

तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. ऐकण्यात चूक झाली असेल, असं तिला वाटलं.

"काकू… आईला?… काकू, असं काय करताय. तुम्ही आला होतात ना इकडे?… बाराव्याला. तुमचा सिद्धेशदादा घेऊन आला होता तुम्हाला… तुम्हीच तर मला बळजबरीने दोन घास भरवलेत… नाही, बाजारात नाही गेली… अहो, ऐका ना… काकू, आई गेली… गेली म्हणजे… होळीनंतर… झोपेतच… हो… अहो, रडू नका ना असं. काकू… पाणी प्या बघू. घरात कोण आहे? अपूर्वावहिनी आहे का?… हो… हो, आठवतं ना. तुम्हाला एकट्यांनाच वैनी म्हणायची ती."

ते खरंच होतं. सगुणा बाजारात पोलिसालाही 'तू' म्हणायची आणि गिऱ्हाइकांना सरसकट 'ताय'. वैनी फक्त शकुकाकू. हिच्या हाताने भवानी झाली की टोपली रिकामी होते, असा तिचा पक्का समज होता. लवकर आलेल्या बाईला ती बिनदिक्कत थांबवून ठेवायची आणि वैनीची वाट बघत बसायची. शकुकाकू दहिसर सोडून मुलाकडे भांडुपला राहायला गेल्या, तरी पावसाळ्याची बेगमी करायला तिच्याकडेच यायच्या. बाराव्याला त्या इतक्या रडल्या की घरच्यांनाच त्यांची समजूत काढावी लागली.

आणि आज त्यांनी ती बातमी पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली होती.

"…बरं वाटतंय आता? प्यायलात पाणी?… हां… हां, बोंबील कडकच देते… वर मूठ घालते म्हटलं ना… कोण घालेल?… आई? काकू, आत्ताच तर मी तुम्हाला… नाही. काही नाही. काही नाही म्हटलं… हॅलो? हॅलो, कोण? अपूर्वावहिनी! अहो, काकूंना काय झालंय?… कधीपासून?… अगं बाई… रोज? रोज आईला विचारतात?… आणि सांगितलं की?… म्हणजे दर वेळी नव्याने?… जेवत पण नाहीत मग?… नाही हो वहिनी, मला कोण सांगणार? माहीत असतं तर बोलले असते का मी? आत्ता माझ्याच तोंडाने सांगून बसले त्यांना… सॉरी. खरंच सॉरी… हो, ऑर्डर आली ना सकाळी… प्रांजलने केली? अच्छा, आजीने हट्ट धरला म्हणून… हो… डॉक्टरांनी खारं बंद केलंय?… अजिबात?… मग सुकं तर नकोच. नको, नको, घरात आलं की त्या ऐकणार नाहीत… कळलं मला. हो."

समोर खोकं भरून तयार होतं. कल्पिताने सकाळीच त्यात निवडून निवडून बोंबील रचले होते, वर मूठभर सुकट घातली होती आणि झाकणाला हळदकुंकू लावलं होतं. आईने पाहिलं असतं तर हसली असती. खोक्याला कोण कुंकू लावतं गो, म्हणाली असती.

"पैसे?… नाही वहिनी, पैसे कसे ठेवू?… अहो, तुमचं मन मोठं आहे, पण माल न देता पैसे ठेवले तर ती कसली भवानी? ती भीक झाली… नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. रागावू नका ना… आईला चाललं नसतं, एवढंच… नाही, माझं नुकसान कसलं? येतील की गिऱ्हाइकं. खूप जण विचारतायत… हो, भरपूर… करते कॅन्सल. थांबा हं, फोन ठेवू नका."

कुणीच विचारत नव्हतं. पण हे वहिनीला सांगून काय करायचं? कल्पिताने मोबाइलमधलं दुकान उघडलं, ऑर्डरवर बोट ठेवलं. 'नक्की रद्द करायची?' असं मोबाइलने विचारलं. मशीनला पण काय एकेक प्रश्न सुचतात! तिने हो म्हटलं. भवानीचं गिऱ्हाईक परत गेलं, आणि आईचा कायदा मोडायला तिला एक बोट पुरलं. आईसमोर उभं असल्यासारखी तिला लाज वाटली.

"झालं, वहिनी. पैसे परत येतील तुमचे… हो, काळजी घ्या त्यांची… काय म्हणतायत त्या?… अजून तेच?… मग द्या ना… नाही, द्या, बोलते मी… नाही सांगणार. शप्पथ, काही नाही सांगणार. द्या."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. तेवढ्या वेळात काय बोलायचं ते कल्पिताने ठरवलं नव्हतं. आई बाजारात गेलीय, असं सांगायचं आणि ठेवून द्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण पलीकडून 'सगुणा, तूच ना? रागावलीस का माझ्यावर?' असं आलं आणि ती खोक्यामागे खाली बसली. मग जो आवाज बाहेर आला तो जाडाभरडा, टोपलीमागे बसून आयुष्यभर ओरडलेल्या बाईचा होता.

"हां… मीच हाय गो वैनी. सगुणा… न्हाय गो, तुझ्यावर कशाला रागवू?… जमलं न्हाय यायला… बरी हाय मी. तू जेवलीस?… मग जेव आधी. सुनंनं दिलंय ते गप जेव, तोंड वाकडं करू नको… आणते ना बोंबील. जरा ऊन पडू दे, मग आणते… मूठ? दोन मुठी घालते तुला… कोण, कल्पिता?… हाय ना. हितंच हाय… दुकान काढलंय तिनं. मोबाइलमधी… अगो, खरंच! टोपली न्हाय का ओरडणं न्हाय, नुसते फोटो!… हां, हस, हस… न्हाय गो, चालत न्हाय अजून. एक गिऱ्हाईक आलं होतं… गेलं परत… न्हाय, त्याची काय चूक न्हाय. चांगलं होतं गिऱ्हाईक… येतील म्हणतेस? मग येतील. तुझा हात चांगला… ती? न्हाय, रडत न्हाय ती. भवानीच झाली न्हाय ना, मग कशी रडंल? मीच शिकवलंय… काय? काय म्हणालीस?… जवळ घेऊ तिला?… हां… घेते. घेते गो जवळ… वैनी?… हॅलो?… हॅलो, काकू?"

फोन बंद झाला होता. कल्पिताने हळदकुंकू लावलेलं ते खोकं मांडीवर ओढून घेतलं, आणि भवानी झालेली नसतानाही ती रडली.