दसऱ्याला पुसलेल्या डिस्क

तात्या : म्हणजे तुमचं म्हणणं असं, की कोणी हात लावला नाही आणि कॉम्प्युटरचं काम साठवणारी ही पेटी आपोआप बंद पडली.

कमल : हो, तात्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, तर स्क्रीनवर पेटी दिसेचना. लालबागच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात तीन वर्षं एकाच जागी आहे ती. तुम्हीच तर बसवून दिलीत.

तात्या : मीच बसवली, म्हणूनच विचारतो. आतल्या चारही डिस्कवर मी शिसपेन्सिलीने आकडे घालून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यांतली एकही पट्टी जागेवर नाही. आणि ही डिस्क जिथे खोबणीत बसते, तिथे भिंगातून पाहा.

कमल : लाल दिसतंय. गंज आहे?

तात्या : गंज असा बोटाला लागत नाही. हे कुंकू आहे.

कमल : कुंकू? पेटीत कोण कुंकू... बाबा, खाली काय बघताय?

कुशाबा : पुसली मी. दसऱ्याला.

कमल : काय पुसलंत?

कुशाबा : पेटी गो. दुकानातलं एकच मशीन राहिलं होतं पुसायचं. झेरॉक्स पुसला, स्कॅनर पुसला, म्हटलं हिनं काय पाप केलंय? साहेब, मिलच्या साळखात्यात, कापड विणायच्या, सव्वीस वर्षं जॉबर होतो मी, मागवाल्यांचा मुकादम. दसऱ्याला माग उघडून, आतला कापूस काढून, पुसल्याशिवाय फूल वाहिलं नाय. ब्याऐंशीला संप चालू, फाटकाला कुलूप, तरी दसऱ्याला बाहेरून हात जोडून आलो आम्ही सगळे.

तात्या : कुशाबा, पेटी चालू असताना काढल्यात का डिस्क?

कुशाबा : छ्या! चालू मशीनला हात लावणारा जॉबर नव्हे मी. बटन बंद केलं. मग एकेक खेचली, चिकटपट्टी काढून ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली, कुंकवाचं बोट लावलं आणि परत सारली.

तात्या : कोणत्या क्रमाने सारलीत?

कुशाबा : क्रम? चारी सारख्याच की हो. मागाचे धोटे असतात ना, सूत घेऊन इकडून तिकडे पळणारे, ते कुठलाही कुठल्याही मागात घाला, कापड निघतं. मला वाटलं, तसंच.

कमल : आणि तीन दिवस तुम्ही गप्प? मी इमारतीच्या वायरमनला नाही नाही ते बोलले, विजेला शिव्या घातल्या, आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात!

कुशाबा : बोलणार होतो. पहिल्या दिवशी तू हातातला चहा तसाच ठेवलास. मग जीभच उचलेना.

तात्या : कमलताई, जरा थांबा. नुसता क्रम बदलल्याने काही नष्ट होत नाही. हे धोटे नव्हेत, इतकंच. तुम्ही एक पान स्कॅन केलंत, की ही पेटी त्याचे तुकडे करते आणि चार डिस्कवर ठरलेल्या क्रमाने वाटून लिहिते. क्रम कागदावर मांडून शोधता येतो. चार वस्तूंचे चोवीसच क्रम होतात. मला खटकतंय ते दुसरंच. तीन डिस्कचा सुरुवातीचा भाग कोरा आहे. कुंकवाने तसं होत नाही. पेटी दिसेना, त्यानंतर तुम्ही काय केलंत? जे घडलं ते, त्याच क्रमाने सांगा.

कमल : स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. डिस्क नव्याने तयार करायच्या का, असं. मी होय दाबलं. आकडा पुढे सरकायला लागला, मला वाटलं दुरुस्ती चाललीय. एकतीस टक्क्यांवर शंका आली आणि प्लग ओढला.

कुशाबा : हे मला नाय सांगितलंस.

कमल : तुम्ही मला सांगितलंत?

तात्या : प्रश्न अजून एक आहे. कोऱ्या झाल्या त्या तीनच. चौथी सुटली, कारण ती मार्चपासूनच बंद होती. पेटीने तिला केव्हाच बाजूला टाकलं होतं. आत तारखेची नोंद आहे. त्या दिवशी पेटी ओरडली असणार.

कमल : ओरडत होती. टीं टीं टीं, दिवसभर. गिऱ्हाइकं वैतागली. आवाज बंद करायचं बटण सापडलं, ते दाबलं. काम तर चालूच होतं ना! तात्या, तुमचेच शब्द आहेत, एक डिस्क गेली तरी पेटी थांबत नाही, निर्धास्त राहा.

तात्या : माझेच आहेत. एकीचा हिस्सा उरलेल्या तीन भरून काढतात. पुढचं वाक्य बोलायचं राहिलं. एक गेली की त्याच दिवशी मला बोलवा. बरं, दुसरी प्रत कुठे ठेवलीत?

कमल : कसली दुसरी? तुम्ही चार डिस्क म्हणालात, मला वाटलं चार प्रती आहेत.

तात्या : हे मी त्याच वेळी विचारून घ्यायला हवं होतं. टेक्निकल कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, यंत्र सोपवताना ते चालवणाऱ्याकडून वदवून घ्यावं की त्याला काय समजलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलो.

कुशाबा : साहेब, बाकी गेलं तर गेलं. आमच्या खात्याचं रजिस्टर तेवढं काढा.

तात्या : कसलं रजिस्टर?

कमल : साळखात्याची हजेरी. अकराशे चाळीस नावं, तिकीट नंबरासकट. टाइमकीपर बाबुरावांनी मिल बंद होताना घोडपदेवला घरी नेऊन ठेवलेलं. पेटी आणली तेव्हा पहिलं काम तेच केलं, पानन् पान स्कॅन केलं. नंतर बाबुराव वारले आणि घरच्यांनी ते रद्दीत घातलं. अर्ध्याअधिक लोकांकडे मिलचा दुसरा कागद नाही. गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीचा अर्ज भरायला अकरा दिवस उरलेत.

तात्या : कोणालाच प्रिंट दिली नाहीत?

कमल : सगळे म्हणत, आता कशाला, सोडत निघाली की दे. मीही म्हटलं, माझ्याकडे तर आहेच.

(चार दिवसांनी. गिरगावात तात्यांचं तेच दुरुस्तीचं दुकान.)

तात्या : आधी मिळालं ते सांगतो. गेल्या दोन वर्षांचं काम परत आलं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कोळीवाड्यातल्या सोसायटीचे कागद...

कुशाबा : साहेब, रजिस्टर.

तात्या : रजिस्टर सगळ्यांत आधी लिहिलं गेलं, म्हणून ते नेमकं कोऱ्या झालेल्या भागात होतं. तीन डिस्कवरून ते कायमचं गेलं. उरली मार्चमध्ये बंद पडलेली. तिच्यावरचं मी दोन दिवस थोडं थोडं करून वाचून काढलं. तिच्यावर प्रत्येक पानाचा चौथा हिस्सा आहे.

कमल : चौथा हिस्सा म्हणजे?

तात्या : हे पान पाहा.

कुशाबा : हे काय, मध्येच काळं? कोणी डांबर फासलं?

तात्या : दोन ओळी दिसतात, पुढच्या सहा काळ्या. पुन्हा दोन ओळी. सगळी पानं अशीच आहेत. अकराशे चाळीसपैकी दोनशे एक्क्याऐंशी नावं वाचता येतात. मी तीन वेळा मोजली.

कुशाबा : रात्रपाळीचं पान काढा. आमच्या मागांच्या लाइनीचं.

तात्या : हे असावं. चारशे सतरा, जगन विठू. चारशे अठरा, कुशाबा राघो.

कमल : बाबा, तुमचं नाव!

कुशाबा : खाली?

तात्या : खाली काळं आहे.

कुशाबा : जरा सरकवून बघा. चारशे एकोणीस, धोंडू. आमच्या मजल्यावरच्या शेवंतीचा नवरा. माझ्याच हाताखाली होता.

तात्या : दिसणारी पट्टी तुमच्या ओळीलाच संपते, कुशाबा.

कमल : तात्या, या काळ्या ओळी भरता नाही येणार? बाबांना अख्खी लाइन पाठ आहे, नंबरांसकट. अक्षर तर समोर आहे, त्याच वळणाचं घालायचं. खोटं थोडंच आहे? माणसं खरीच होती.

तात्या : येतील भरता. दोन तासांचं काम आहे.

कमल : मग?

तात्या : एखाद्या तपासनिसाला एक ओळ जरी मागाहून घातलेली सापडली, तर त्यानंतर या दोनशे एक्क्याऐंशी ओळींवरही तो विश्वास ठेवणार नाही. खऱ्या असूनही त्या जातील. पान असं का आहे, ते मी सहीनिशी लिहून देतो. कुशाबांनी उरलेली नावं वेगळ्या कागदावर सांगावीत, खाली सही करावी. ऑफिसात ते मानतील की नाही, हे मला सांगता येत नाही.

कुशाबा : नाय मानणार. माझ्या तोंडाला कोण विचारतो? मी मेलेल्यांचीसुद्धा नावं सांगेन, त्यांना कळणार कसं?

तात्या : तरी सांगा. मी लिहून घेतो.

कुशाबा : उद्या येतो. आज नको.

कमल : बाबा, तुमची ओळ तर स्वच्छ आहे. तुमचा अर्ज आजच भरून टाकते.

कुशाबा : भर. नको म्हणायला मी काय संत नाय गो.

तात्या : ही त्या पानाची प्रिंट. आणि दुमडू नका, कमलताई, घडी नेमकी नावावर येते.

कमल : चला बाबा. शेवंतीमावशी जिन्याच्या तोंडाशी सूप घेऊन बसलेली असेल. सकाळपासून दोनदा विचारून गेली, धोंडूचं नाव निघालं का म्हणून.

कुशाबा : आज मागच्या जिन्यानं जाऊ.