पन्नास लॉऱ्या आणि एक ‘नको’

नाही, आधी टाळ्या बंद करा! दरवर्षी पलटणीच्या जेवणाला हेच... मटण संपलं, पुडिंग आलं, की कोणीतरी उठतो, “जनरलसाहेब, चुंगकिंगला अमेरिकनांना कसं जिंकलंत ते सांगा ना.” जिंकलं कसलं डोंबल! तुम्हाला सांगतो, मी फक्त नको म्हटलं.

बेचाळीसचा मार्च. तुम्ही ब्रह्मदेशातून पायी माघार घेताय, आणि चीनच्या सरहद्दीवर अमेरिकनांच्या पन्नास लॉऱ्या नुसत्या उभ्या. त्या तुमच्यासाठी मागायच्या, एवढ्यासाठी लंडननं मला लष्करी दूत म्हणून चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चुंगकिंगला बसवलेलं. तीन आठवडे मी तिथल्या अमेरिकन कर्नल प्रुइटशी हवेबद्दल बोललो, घोड्यांबद्दल बोललो... थेट मागायचं कसं? आम्हा इंग्रजांना आईनं शिकवलंय, कोणी विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की मग मान डोलवायची.

शेवटी चिनी जनरल च्यूंकडे आम्हा दोघांना दुपारचं जेवण. त्यांनी बदक पुढे केलं, मी म्हटलं नको, त्यांनी वाढलं, पुन्हा नको, पुन्हा वाढलं... पाच तुकडे झाले! मला वाटलं, सगळ्या जगाची आई एकच. तेवढ्यात प्रुइट वळला, “जनरल, तुमच्या माणसांना काही हवंय का? लॉऱ्या वगैरे?”

आणि मी काय म्हणावं? “नको, नको, कशाला उगाच!”

तो म्हणाला, “बरं.” आणि लागला की बदक खायला! मी वाट बघतोय, आता विचारेल, मग विचारेल... चहा झाला, टोप्या चढवल्या, तो गेला. सकाळी जाऊन मागता आलं असतं हो, पण काल नको म्हटलं ना, मग आज कोणत्या तोंडानं मागू? दोन दिवसांनी लॉऱ्या दुसरीकडे रवाना. प्रुइटनं वर कळवलं, ‘काहीही न मागणारा एकमेव इंग्रज, फार गुणी माणूस.’ लंडननं बढती दिली, मग ‘सर’ केलं. कशाबद्दल? नको म्हटल्याबद्दल!

आणि तुम्ही दोनशे मैल चाललात. हा सार्जंट टॅपली, याच्या तळव्यांची सालटी निघाली, आणि तरी दरवर्षी माझी खुर्ची हाच ओढून देतो. सात वर्षं लाज वाटतेय मला, तुम्ही ‘साहेब’ म्हणता तेव्हा तर जास्तच.

टॅपली, सगळ्यांसमोर सांगतो, घाल मला शिव्या, मनात असतील तेवढ्या.

...ऐकलंत? म्हणतो, “छे छे साहेब, तसं काही नाही.”

म्हणजे हे पहिल्यांदाचं उत्तर झालं. याचीही आई इंग्रजच. खरं तर दुसऱ्यांदा विचारायला हवं... पण तुम्हाला सांगतो, तेवढी हिंमत नाही माझ्यात.