भिंतीवरची क्लचप्लेट

अध्यक्षस्थानी बसलेल्या आमच्या बाई, म्हणजे या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीण. त्यांच्या शेजारी हार गळ्यात घालून अवघडून बसलेले आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपले मिस्त्रीकाका. पहिल्या रांगेतल्या काकू. परवाना खात्यातून वेळ काढून आलेले पाहुणे. माझे सहकारी, आणि जेवणाच्या वासानं अर्धे दाराकडे वळलेले माझे विद्यार्थी, सगळ्यांना नमस्कार.

मिस्त्रीकाका बारा वर्षांपूर्वी मला एक वाक्य म्हणाले होते. "ताई, तुमच्या डाव्या पायाला धीर नाही."

आभार मानायचं काम माझ्याकडे आहे, आणि आभार मानणाऱ्यानं थोडक्यात आटपायचं असतं, हे मला कळतं. पण या वाक्याशिवाय आभार पुरे होणार नाहीत. पाच मिनिटं द्या.

इथल्या मुलांना मी 'थिअरी मॅडम' म्हणून माहीत आहे. फळा, खडू, रस्त्यावरची चिन्हं. पण तेव्हा मी गाडीत शिकवायचे. आपली ती जुनी गाडी, जिला सगळे म्हातारी म्हणतात, तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक आहे. शिकणारा घाबरला की आपण दाबायचा. नाहीतर पाय लांब ठेवायचा. पाय पेडलवर नुसता टेकला तरी आतली क्लचप्लेट घासून झिजत जाते.

म्हातारीला समजून घ्यायला मला काकांनीच शिकवलं. तुम्हाला काय सांगू, काय शिकवायचे! गिअरच्या दांड्यावर माझा तळवा ठेवून म्हणायचे, "कानानं नंतर, आधी हातानं ऐका." गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेडल दाबल्यावर आवाज आला तर क्लचचं बेअरिंग. सोडल्यावर आला आणि दाबल्यावर थांबला तर दुखणं गिअरबॉक्समध्ये. रिव्हर्स टाकताना दात करकरले तर क्लच पुरता सुटत नाही. आणि प्लेट धरते की नाही हे बघायचं असेल तर हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट चांगली. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. "बंद पडली म्हणून रडू नका," काका म्हणायचे, "इथं बंद पडणं म्हणजे पास होणं." माझ्या सख्ख्या भावानं मला कधी इतक्या धीरानं काही शिकवलं नाही.

मग एका उन्हाळ्यात म्हातारीचं इंजिन उतरवलं. काकांनीच काम केलं. चार महिन्यांत ती चढावर नुसती ओरडायला लागली. इंजिन वर, गाडी जागच्या जागी. प्लेट बदलली. पाच महिन्यांत पुन्हा तेच. तेव्हा काकांनी ते वाक्य म्हटलं, बाईंच्या समोर.

मी काय केलं असेल? डावा पाय सीटखाली दुमडून शिकवायला लागले. तासाभरानं मुंग्या यायच्या. गाडीतून उतरताना एकदा पडलेसुद्धा. माझा नवरा म्हणाला, "अगं, पाय काय घरी ठेवून जाणारेस आता?" आम्ही हसलो. तिसरी प्लेट गेली तेव्हा कोणी हसलं नाही. बाईंनी मला वर्गात बसवलं. ती तिसरी प्लेट काकांनी माझ्याच वर्गात, फळ्याच्या वर, एका लाकडी पाटीवर ठोकली आणि खाली रंगानं लिहिलं, 'पेडलवर पाय ठेवण्याचा परिणाम.' काकांचं अक्षर फार सुंदर आहे.

त्यानंतरची प्लेट सात वर्षं टिकली. बाई म्हणाल्या, "बघा, ताई उतरल्या आणि प्लेट टिकली." मी दर वर्गाला लांब काठीनं ती प्लेट दाखवत राहिले. "मुलांनो, अशी चूक करू नका." ती खाली काढून कधी पाहिली नाही. लाज वाटायची.

गेल्या महिन्यात वर्गाला रंग द्यायचा होता, म्हणून स्टुलावर चढून मी पाटी उतरवली. फडक्यानं पुसली. फडकं काळं झालं, बोटं तेलकट झाली. कित्येक वर्षं भिंतीवर लटकलेली प्लेट, आणि अजून तेल? मग मी प्लेटचं अस्तर धरून ठेवणारे खिळे, म्हणजे रिबिटं, पाहिली. पायानं घासलेली प्लेट रिबिटांपर्यंत झिजते, हे मीच शिकवते. या प्लेटच्या रिबिटांच्या खळग्यात काडेपेटीच्या काडीचं गुल आत बुडालं. ती प्लेट झिजलेलीच नव्हती. ती तेलानं भिजून घसरत होती. इंजिनाच्या मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गळत होतं. पायाचा काही संबंधच नव्हता.

मी पाटी घेऊन काकांकडे गेले. काकांनी अंगठा त्या खळग्यावर ठेवला.

"सील उलटं बसलं होतं," ते म्हणाले. "माझ्याच हातानं. तिसऱ्या वेळी कळलं. सरळ बसवलं."

"आणि मग ही पाटी?"

"तेव्हा सांगितलं असतं तर बाईंनी मला ठेवलं नसतं, ताई."

मला राग यायला हवा होता. पण मला आठवत होता तो गिअरच्या दांड्यावरचा हात. काका म्हणाले, "समारंभात मी स्वतः सांगतो सगळ्यांसमोर. तोवर थांबा." मी थांबले. नवऱ्यालाही बोलले नाही.

बाई, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. परवा तुम्हीच मला सांगितलंत, की काका गेल्यावर माणूस कमी पडेल, म्हणून ताईंना पुन्हा गाडीत बसवावं का, असं तुम्ही काकांना विचारलं होतं. आणि काका म्हणाले, "थिअरीतच ठेवा. पाय बदलत नाही माणसाचा."

हे तुम्ही त्या खळग्यावर अंगठा ठेवल्यानंतरचं आहे, काका. बारा वर्षांपूर्वीचं मी समजून घेतलं होतं. हे कसं घेऊ?

तरी वाटलं, आज बोलतील. आत्ता तुम्ही वीस मिनिटं बोललात. प्रत्येक गाडीचं नाव घेतलंत, गेटवरच्या कुत्र्याचंही घेतलंत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही 'धन्यवाद' म्हणून खाली बसलात.

असो. बाईंचे आभार, त्यांनी या दालनाची सोय केली. पाहुण्यांचे आभार. फुलं, खुर्च्या, माइक बघणाऱ्या मुलांचे आभार. काकूंचे विशेष आभार, कारण आमच्या गाड्यांचं ग्रीस त्यांनी तीस वर्षं शर्टांतून धुऊन काढलं. आणि काकांचे आभार. ते मनापासून आहेत, कारण मला जे येतं ते त्यांचंच आहे, ती प्लेट वाचता येणंसुद्धा. आनंदाच्या प्रसंगी मी नको ते बोलले. कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं.

या टेबलावर, गुच्छांच्या मागे, ती पाटी मी आणून ठेवली आहे. खालचं वाक्य रंगाऱ्याकडून पुसून घेतलं आहे. जागा मोकळी आहे. काका, तिथं तुम्ही फक्त लिहायचं, 'उलट्या बसवलेल्या सीलचा परिणाम.' खाली नाव नको. अक्षर सगळे ओळखतात.

तुम्ही म्हणाल, चष्मा घरी राहिला. चष्मा काकूंच्या पर्समध्ये आहे, मी मघाशी पाहिला. मग तुम्ही म्हणाल, जाऊ द्या ताई, आता काय त्याचं. मला माहीत आहे.

ब्रश धुऊन ठेवलाय, काका. एवढं लिहून जा.