रशियन बोलून दाखव

अगं बायांनो, सावेडीचे पाहुणे आमच्या थोरलीला बघायला कोल्हारला आले होते, तेव्हाची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. पोरगी पुण्याला विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकते आणि जोडीला रशियन. अजून एक वर्ष बाकी आहे.

पोहे खाता खाता मुलाचे वडील म्हणाले, "रशियन बोलून दाखव बरं." जसा काय आम्ही पोपट पाळलाय! पोरगी घडाघडा बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मुलाची आई म्हणाली, "छान. पण लग्न ठरलं की हे शिकणं बंद करावं लागेल हं. आमच्या घरात जगाचं राजकारण काय कामाचं? आम्हाला तर एक शब्द कळला नाही."

मी म्हटलं, "ताई, माझी शाळा चौथीपर्यंत. मलाबी तिचा एक शब्द कळत न्हाई. पन मला कळत न्हाई म्हणून बंद कर, असं मी तिला कधी म्हणले न्हाई."

"आमचा मुलगा इंजिनियर आहे," वडील तोऱ्यात म्हणाले.

"व्हय का? आमच्या पोरीनं बोलून दाखवलं. आता त्याला चहा करून दाखवू द्या."

पोरगा बिचारा खरंच उठला! आईनं बाही ओढून त्याला खाली बसवलं.

पाहुणे गेल्यावर आमचे मालक चिडले, "चांगलं स्थळ घालवलंस."

मी म्हटलं, "ती बाई स्वतःच्या पोराला चुलीपर्यंत जाऊ देत न्हाई, माझ्या पोरीला रशियापर्यंत काय जाऊ देणार?"