हवेचा काटा चढेपर्यंत

बायको : अहो, उतरा खाली. ती जागा आता माझी आहे.

नवरा : अगं, पाय आपोआप चढले. जन्मभर याच बाजूनं चढलोय ना मी.

बायको : डॉक्टरांनी डोळ्यांमुळे तुमचं ट्रक चालवणं बंद केलंय आणि परवाना निघालाय माझा. तुम्ही पलीकडून चढायचं.

नवरा : परवाना निघाला म्हणून काय झालं? आधी तपासणी. ऑइल?

बायको : बघितलं. पट्टी पुसून, परत बुडवून बघितलं.

नवरा : रेडिएटरचं पाणी?

बायको : काठोकाठ. पंख्याचा पट्टा घट्ट आहे, टायर ठोकून झाले, दिवे लागतात आणि आरशात मी बरी दिसते.

नवरा : आरसा मागचं बघायला असतो!

बायको : मागचंच बघतेय. मागे आई उभ्या आहेत.

सासू : गाडी हलवायच्या आधी मला बाजूला होऊ दे गं सूनबाई!

बायको : व्हा निवांत, आई. तुमचा मुलगा अजून स्टिअरिंगच सोडत नाहीये.

सासू : लहानपणी पाळण्यातून काढताना असंच करायचा. दांडी धरून बसायचा. बोटं सोडव एकेक करून!

नवरा : आई, तू घरात जा. हे बघ, उतरलो. आलो या बाजूला. पण ठरलंय ते लक्षात आहे ना? आजची खेप धड पोचली तरच गाडी ठेवायची. नाहीतर ती विकत मागणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायची.

बायको : ठरलंय नाही, तुम्ही ठरवलंय. मी भांडून दमले होते म्हणून गप्प बसले. चावी लावू?

नवरा : न्यूट्रल बघ. हँडब्रेक बघ.

बायको : दोन्ही ठीक. मारते स्टार्टर… लागली! एका झटक्यात लागली! आई, ऐकलंत?

सासू : अख्ख्या गल्लीनं ऐकलं!

नवरा : थांब, थांब. खडखड येतेय. माझ्या बाजूनं. एवढ्या वर्षांत असा आवाज कधी ऐकला नाही.

बायको : अहो, तुमचा गुडघा आपटतोय दरवाजावर.

नवरा : छे, काहीतरीच… अरे, हो की.

बायको : आणि तो पाय कशावर दाबून धरलाय?

नवरा : ब्रेकवर.

बायको : तिकडे कुठला ब्रेक? तो जेवणाचा डबा आहे!

नवरा : हसू नकोस. अगं, स्टिअरिंगवर डोकं टेकून हसू नकोस, हॉर्न वाजेल… वाजला!

सासू : निघालात का?

नवरा : नाही गं आई! आणि तू, हसणं पुरे, काटे बघ, काटे. ऑइलचा?

बायको : वर आहे. डिझेल भरपूर. हवेचा मात्र खाली आहे.

नवरा : मग थांबायचं. टाकीत हवा भरल्याशिवाय ब्रेक धरत नाहीत. काटा हिरव्यात आला की निघू. आणि काचेवर टिचक्या मारून तो लवकर चढत नाही.

बायको : तुम्ही मारायचात?

नवरा : रोज.

(फोन वाजतो.)

नवरा : गिऱ्हाईक आहे.

बायको : घ्या ना मग. माझ्याकडे बघू नका, मी काट्याकडे बघतेय. एवढंच सांगते, ही गाडी गेली तर मला फार, फार वाईट वाटेल.

नवरा : हॅलो… हो, तीच गाडी… आत्ताच सांगायचं?… मालक? मालक नाहीत. मालकीणबाई आहेत, त्या गाडीवर बसल्यात… मी? मी क्लीनर बोलतोय… नाही, विकायची नाही… अहो, वाढवून दिलेत तरी नाही. ठेवतो, हवा भरत आलीय.

सासू : काय म्हणाला गं तो?

बायको : क्लीनर म्हणाला स्वतःला, आई!

सासू : अगं बाई! मग फडकं दे त्याच्या हातात, काच पुसू दे!

बायको : अहो, पण खेप पोचायच्या आधीच? भीती नाही वाटत?

नवरा : वाटते की. पण घरी बसून घाबरण्यापेक्षा तुझ्या शेजारी बसून घाबरलेलं बरं.

बायको : मला विचारा, घरी बसून काय होतं ते… बघा, आला. हिरव्यात आला.

नवरा : मग सोड हँडब्रेक. पहिला टाक. क्लच हळू… हळू… अगं, हलली! काय सुरेख उचललीस! आता दुसरा…

बायको : जरा गप्प बसता का?

नवरा : का? चुकलं काही?

बायको : नाही हो. मला आवाज ऐकायचाय. आजवर मी तो फक्त लांब जातानाच ऐकलाय.